रुमालाखालची बोटं

सरांनी माझ्या हाताखालच्या तीन नर्सना एकाच आठवड्यात रडवलं होतं आणि तिघींचा गुन्हा एकच होता. पेशंटच्या खोलीत शिरताना त्यांनी दार वाजवलं नव्हतं.

आता हे पेशंट कसे, तर महिनोन्‌महिने बेशुद्ध. डोळे उघडे, श्वास आपला आपण चाललेला, पण हाक मारली तर ओ नाही. डोक्याला जबर मार लागलेले, मोठ्या हॉस्पिटलांनी जीव वाचवून परत पाठवलेले, आणि पुढे काय करायचं हे कुणालाच माहीत नसलेले. अशा माणसाचं दार वाजवून करायचं काय? एका नर्सनं तसं तोंडावर विचारलंच. सर म्हणाले, "उत्तर येत नाही म्हणून विचारायचंच नाही, हे तुम्हाला कुणी शिकवलं?" आणि तिला जिना उतरून पुन्हा वर यायला लावलं.

मी तिथे इनचार्ज सिस्टर होते. सरकारी दवाखान्यात वीस वर्षं काढून, बदल्यांना कंटाळून, नोकरी सोडून आलेली. नव्या जालन्यात एका बियाणं कंपनीच्या गोदामावरचे दोन मजले घेऊन सरांनी बारा खाटांचं सेंटर काढलं होतं. खाली सरकीची पोती, वर ही माणसं. लिफ्ट एकच, तिच्यात पहिल्या वर्षी माणसांपेक्षा पोतीच जास्त चढली-उतरली.

सर मूळचे जालन्याचेच. बाहेर मोठ्या शहरात मेंदूचे डॉक्टर म्हणून नाव कमावलं, बायको वारली, साठी ओलांडली आणि परत आले. गावात लोक म्हणत, डोक्याचा डॉक्टर आहे खरा, पण आधी स्वतःचं तपासून घ्यायला पाहिजे. पहिले सहा महिने मीही तेच म्हणत होते.

दार वाजवून आत गेले की सर खाटेच्या उजव्या बाजूला उभे राहत. "नमस्कार. मी डॉक्टर. आज मंगळवार आहे. तुम्ही जालन्यात आहात. डोक्याला मार लागलाय. तुमची मंडळी बाहेर बसलीत." रोज, प्रत्येकाला, याच क्रमानं. एकदा त्यांनी चार नंबरच्या आजोबांना मंगळवारच्या दिवशी बुधवार सांगितला. लिफ्टमधून खाली पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं. लिफ्ट पोत्यांनी अडवलेली होती म्हणून दोन मजले चढून आले, धापा टाकत दार वाजवलं आणि म्हणाले, "माफ करा, आज मंगळवारच आहे." आजोबा छताकडे बघत होते, तसेच बघत राहिले. मी दारात हसले, तर सर म्हणाले, "तुम्हाला कुणी दिवस चुकीचा सांगितला तर दिवसभर तुमचा गोंधळ होईल की नाही? मग?"

नळीवाटे पोटात जाणारं जेवण ते रोज स्वतः चाखत. वरणाचं पाणी, दूध, अंडं, सगळं घोटून केलेलं ते करड्या रंगाचं प्रकरण. एका सकाळी स्वयंपाकाच्या बाईंना त्यांनी बोलावून घेतलं. "यात मीठ नाही."

बाई म्हणाल्या, "सर, नळीतनं जातंय. जिभेला लागतंय कुठं?"

"पेशंटला नाही लागत. मला लागतं. उद्यापासून घाला."

त्यांच्या कोटाच्या खिशात न्हाव्याचा असतो तसा छोटा गोल आरसा असे. माणसाचे डोळे दुसरं काही पाहात नसले तरी स्वतःच्या तोंडामागे फिरतात, असं ते सांगत. तो आरसा पेशंटसमोर धरून डावीकडे, उजवीकडे, वर, खाली असा हळू न्यायचा आणि डोळे मागे येतात का बघायचं. तपासणी झाली की माझ्याकडून लिहून घेत. मी एकदा 'डोळ्यांत थोडी ओळख वाटली' असं लिहिलं, तर त्यांनी ते खोडलं. "सिस्टर, दिसलं ते लिहा. वाटलं ते घरी न्या."

आणि ते मशीन. जुन्या ट्रान्झिस्टरएवढी पेटी, तिला दोन वायरी, वायरींच्या टोकाला मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज. एक कपाळाच्या डाव्या बाजूला, एक उजव्या. वीस मिनिटं अगदी सौम्य वीज मेंदूच्या पुढच्या भागावर सोडायची, कवटीला हात न लावता. कापणं नाही, टोचणं नाही, शॉक नाही. सर रोज सकाळी ते आधी स्वतःच्या डोक्याला लावून बसत. मी विचारलं, "याने तुमचं डोकं काही सुधारलं का?"

"नाही. खाजतं."

बैलबाजारातल्या दलालांना आणलं तेव्हा त्यांच्या बायकोनं पहिल्याच दिवशी विचारलं, "हितं डोक्यात करंट देऊन राह्यले म्हने?" सरांनी काही न बोलता दोन्ही स्पंज त्यांच्याच कपाळावर धरले.

"काही होतंय का, वहिनी?"

"मुंग्या आल्यावानी होतंय."

"बस. एवढंच."

"यानं मानूस जागा होतो?"

"काही थोडे होतात. बरेच होत नाहीत. कोण होईल ते आधी सांगता येत नाही. मला तर नाहीच."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. असलं बोलणारा डॉक्टर त्यांनी पाहिला नसावा. मीही पाहिला नव्हता.

हे दलाल परतूरकडचे. पस्तीस वर्षं बैलांचे सौदे जमवून देण्यात गेलेली. पिकअपच्या मागच्या फाळक्याला धरून, बैलांजवळ उभं राहून बाजारातून परत येत होते. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, बैल उभेच राहिले, हे खाली पडले. त्याला सात महिने झाले होते. वहिनी सात महिने उशाशी. त्यांचा धाकटा दीर जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. एक दिवसाआड शाळा सुटल्यावर रेल्वेनं यायचा, भाकरी आणि धुतलेले कपडे घेऊन. वाईट माणूस मुळीच नव्हता. थकलेला होता.

सरांची एक भानगड इथे सांगायला हवी. ते स्वतःवर विश्वास ठेवत नसत. मशीन लावायला लागल्यावर त्यांनी मला खोलीत बोलावलं आणि म्हणाले, "मला हे मशीन आवडतं. त्यामुळे पेशंटनं नुसती पापणी हलवली तरी मला ते मशीननंच केलं असं वाटणार. माझ्यावर नजर ठेवायला कुणीतरी पाहिजे. तुम्हाला मी फारसा आवडत नाही. तुम्ही ठेवा."

पद्धत अशी. प्रत्येक पेशंटचे चार आठवडे. त्यातले दोन मशीन खरं चालू, दोन खोटं. पेटीच्या मागे काळ्या चिकटपट्टीखाली एक खटका होता. तो खाली असला की सुरुवातीला अर्धा मिनिट मुंग्या यायच्या आणि मग आतून वीज बंद. पुढचा लाल दिवा मात्र वीस मिनिटं जळत राहायचा. कोणते दोन आठवडे खरे, हे मी चिठ्ठी उचलून ठरवायचं, पाकिटात घालून माझ्या कपाटात ठेवायचं आणि महिना संपेपर्यंत कुणाला सांगायचं नाही. सरांनाही नाही. नातेवाइकांना हे सगळं समजावून सही घेत असू.

वहिनी म्हणाल्या, "मंग चालूवाले दिवस आधी घ्या की."

"तेच तर मला कळू द्यायचं नाही, वहिनी."

"तुम्ही डॉक्टर आन तुमालाच न्हाई माहीत?"

"बिलकुल नाही. सिस्टरांना माहीत."

त्या दिवसापासून वहिनी माझ्याशी जरा जास्तच गोड बोलायला लागल्या. मी दाद दिली नाही. चिठ्ठीत निघालं होतं: पहिले दोन आठवडे बंद.

पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी गुरुजी भावाच्या खाटेपाशी उभे राहून वहिनींना सांगत होते, "वैनी, हा महिना बघू. मंग घरी नेऊ दादाला. नळी काढू आन शांत जाऊ देऊ. ह्ये हाल बघवत न्हाईत." नळी काढायची म्हणजे काय, ते खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं. तोंडानं गिळता येत नव्हतं. नळी काढली की थोडेच दिवस.

सर दारात उभे होते. त्यांनी गुरुजींना बाहेर बोलावलं. मला वाटलं, आता भाषण देणार. ते म्हणाले, "दार वाजवा. आत जा. नमस्कार करा. आणि आत्ता जे बोललात ते त्यांना सांगा. त्यांच्याबद्दल चाललंय, वहिनींबद्दल नाही."

गुरुजी आत गेले. भावाच्या तोंडाकडे वाकले. "दादा," म्हणाले, "मी आलोय." भावाची चादर नीट केली, पुन्हा एकदा नीट केली. मग बाहेर येऊन सरांना म्हणाले, "तुम्हाला बोलायला सोपं हाये, सर. तुम्ही घरी जाता."

सरांनी मान हलवली. "खरंय. तुमचं म्हणणं चूक आहे असं मी म्हटलेलं नाही."

मग तिघांत ठरलं. महिना झाला की सरांनी लिहून द्यायचं, प्रतिसाद आहे की नाही. नाही म्हणून लिहिलं तर घरी नेऊन नळी काढायची. वहिनी पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "लिहून द्या काय ते. मंग मी तोंड उघडनार न्हाई."

रोज सकाळी सर विचारत. माझं बोट दाबा. सोडा. पुन्हा दाबा. जीभ दाखवा. आरशात बघा. मी कागदावर रोज एकच शब्द लिहीत होते, नाही. दहा-अकरा दिवस असेच गेले. वहिनी माझ्या पेनाकडे बघत बसायच्या.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी दुपारी बाजारातले एक म्हातारे दलाल भेटायला आले. सगळे त्यांना चाचा म्हणत. पंख्याखाली पेशंटचा हात गार पडतो म्हणून वहिनींनी त्यावर त्यांचाच रुमाल टाकला होता, खांद्यावर टाकायचा, चांगला दीड हात रुंद. चाचा खुर्ची ओढून बसले आणि सवयीनं त्या रुमालाखाली हात घातला, जसा आपण भेटल्यावर नमस्कार करतो तसा.

"क्यों रे, सोताच पड़ा? उधर बाज़ार में दो जोड़ी खड़ी है, लाल कंधारी. बोल, क्या बोलता?"

मी सलाईनची बाटली बदलत होते. चाचांचा आवाज एकदम बंद पडला म्हणून वळून पाहिलं.

"सिस्टर, इसने दबाया."

"चाचा, तान्ह्या बाळाच्या मुठीत बोट दिलं तरी ते दाबतं. आजारी माणसाचंही तसंच होतं. त्याला अर्थ नसतो."

"एक बार दबाया तो बच्चा बोलो. मैंने भाव बोला, इसने दो बार दबाया. एक बार मतलब मंज़ूर, दो बार मतलब बढ़ाओ. पैंतीस साल से येच कर रहा ये, हर सौदे में बढ़ाओ, बढ़ाओ!"

वहिनी उठून उभ्या राहिल्या. मी सरांना बोलावलं. सरांनी रुमाल बाजूला केला, हातात बोट दिलं आणि नेहमीसारखं विचारलं. काही नाही. पुन्हा विचारलं. काही नाही. चाचा भडकले. "अरे डाक्टर साब, खुले हाथ पे कोई भाव देता क्या? सारा बाज़ार देखेगा!"

सर तिथेच खाटेच्या कडेवर बसले. पेशंटच्या खाटेवर बसायचं नाही हा त्यांचाच नियम होता.

बैलबाजारात सौदा तोंडानं होत नाही, हे आम्हा सगळ्यांनाच ऐकून माहीत होतं. विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये दलाल. हातावर रुमाल टाकायचा आणि खाली बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे शेजारी उभ्या माणसालाही कळू नये. या माणसाचे हात आयुष्यभर झाकलेले असतानाच बोलले होते. आणि आम्ही रोज सकाळी त्याचा हात उघडा करून, चार माणसं भोवती उभी करून म्हणत होतो, दाबा.

सरांनी लगेच 'प्रतिसाद आहे' असं लिहिलं असेल असं कुणाला वाटत असेल तर त्याला सर कळले नाहीत. त्यांनी चाचांना जिन्यात नेलं. सरकीची पोती खाली-वर होत होती आणि मेंदूचे डॉक्टर पायरीवर बसून माझ्या टॉवेलखाली बैल विकत घ्यायला शिकत होते. चाचा मध्येच म्हणाले, "डाक्टर साब, आपका हाथ बहोत सच बोलता. आप तो लुट जाओगे."

मग परीक्षा. चाचांच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे, तोंड भिंतीकडे, एक हात मागे रुमालाखाली पेशंटच्या हातात. मी कागदाच्या घड्या उचलायच्या, त्यावर एक किंवा दोन लिहिलेलं, आणि ते पेशंटच्या कानाशी सांगायचं. चाचांना काय जाणवलं ते त्यांनी ओरडून सांगायचं. म्हणजे मी काय सांगितलं ते त्यांना माहीत नाही आणि त्यांना काय जाणवलं ते मला माहीत नाही. वहिनींना बाहेर बसवलं. त्या दारातल्या फटीतून बघत होत्या, मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

पहिल्या तीन वेळा चाचा गप्प. चौथ्या घडीत दोन होतं. चाचा ओरडले, "बढ़ाओ!" पाचवीत एक होतं. बराच वेळ लागला. मग चाचा हळूच म्हणाले, "मंज़ूर." पुढची चुकली. मग पुन्हा काही नाही, मग पुन्हा बरोबर. सरांनी हे तीन दिवस केलं आणि मगच लिहिलं, 'सांगितलेलं करतो. प्रत्येक वेळी नाही.' कागद वहिनींच्या हातात दिला. त्या म्हणाल्या, "वाचून दावा." मी वाचून दाखवला. पुन्हा वाचा म्हणाल्या. मी पुन्हा वाचला.

नळीचा विषय त्या दिवशी संपला. पण मला वेगळीच अडचण येऊन बसली. मशीन बंद होतं.

सगळे मशीनचं नाव घेत होते. गुरुजींनी गावाकडे फोन करून सांगितलं, करंटनं दादा जागा होऊन राह्यला. व्हरांड्यातले बाकीचे नातेवाईक माझ्यामागे लागले, आमच्या माणसाला जल्दी लावा, दोन वेळा लावा. आणि सर, तेच सर, सकाळी स्पंज भिजवताना शीळ घालायला लागले होते. दाढी रोज करू लागले. एकदा मला म्हणाले, "सिस्टर, मी विचारत नाही. पण तुमचं तोंड जरा हसरं ठेवलं तर काय बिघडेल?" मी म्हटलं, "माझं तोंड असंच आहे." पुढचे दोन आठवडे मशीन खरं चालू होतं. पेशंट थोडा जास्त वेळा बरोबर दाबायला लागला. मशीनमुळे की नुसते दिवस गेल्यामुळे, ते मला आजही सांगता येत नाही.

महिना झाला त्या दिवशी सरांच्या खोलीत आम्ही चौघं होतो. मी पाकीट दिलं. सरांनी चिठ्ठी वाचली, उलटून पाहिली.

"पहिले दोन बंद. नक्की?"

"खटका रोज मीच लावलाय."

गुरुजी म्हणाले, "म्हंजे मशीननं न्हाई झालं?"

"पहिल्यांदा दाबलं तेव्हा मशीन खरं चालूच नव्हतं," सर म्हणाले.

"मंग झालं कशानं?"

वहिनी म्हणाल्या, "झालं काय? काईच झालं न्हाई. ते होतेच."

त्या आनंदानं म्हणाल्या. पण गुरुजींचा चेहरा उतरला, कारण होतेच म्हणजे त्या संध्याकाळीही होते, खाटेपाशी नळी काढायची बोलणी चालली तेव्हाही. ते उठून भावाच्या खोलीत गेले. मी बाहेरून दार लावून घेतलं. पुढच्या महिन्यात त्यांनी भावाला घरी नेलं, नळीसकट. भाऊ अजून बोलत नाहीत, पण पातळ पेज गिळतात, आणि चाचा दर बाजाराच्या दिवशी त्यांच्याकडे जाऊन रुमालाखाली सौदा करून येतात.

सरांनी दोन दिवस पेशंटचं जेवण चाखलं नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "जुने कागद काढा. मी 'प्रतिसाद नाही' लिहून घरी पाठवलेले सगळे." सतरा निघाले. मी म्हटलं, "सर, आता काय उपयोग?" ते म्हणाले, "मी सतरा जणांना फक्त माझ्या सोयीचे प्रश्न विचारले."

दर रविवारी त्यांची जुनी गाडी घेऊन आम्ही निघायचो. मी जायचे, कारण घरातल्या बाया माझ्याशी मोकळं बोलत आणि कारण सरांना रस्ते सापडत नसत. प्रत्येक दारात त्यांचा पहिला प्रश्न, "यांचं काम काय होतं?" एक शिंपी होता, त्याच्या पायाखाली त्यांनी शिलाई मशीनचं जुनं पायडल ठेवायला लावलं. पाय एकदा हलला. मला दिसलं. सरांनी लिहिलं नाही. एकदाच दिसलं म्हणाले. बाकीच्यांकडे बहुतेक ठिकाणी काहीच झालं नाही. काही जण गेलेले होते. विजेच्या मशीनचं काम मात्र त्यांनी थांबवलं नाही. पुढे हात थरथरायला लागला तेव्हा सेंटर दुसऱ्या डॉक्टरांना सोपवून ते मुलीकडे राहायला गेले. फोनवर अजून मला सगळ्यात आधी आजचा वार सांगतात.

राजूरजवळच्या एका गावातलं घर मात्र राहून राहून आठवतं. मुलगा पंचविशीचा, मोटारसायकलवरून पडलेला, आमच्याकडे दोन महिने होता. आई अंगणात शेंगा फोडत बसली होती. आम्हाला पाहून उठली.

"तुम्ही कशाला आल्ते, डॉक्टर? तो तर गेला. आखाजीच्या आधी गेला. नळी बंद पडली, बदलायला कुनी मिळालं न्हाई."

मी पुढे होऊन म्हणणार होते, इकडून चाललो होतो, म्हणून. सरांनी मला बोलू दिलं नाही. अंगणातच खाली बसले.

"तो काय काम करायचा?"

"गनपतीच्या देवळापाशी हार करायचा. दुकानात. बोटं अशी चालायची की बघत राहावं." तिनं शेंगा सोडून हवेतच बोटं चालवून दाखवली. मग थांबली. "तो होता का, डॉक्टर? आतमंदी?"

"मला माहीत नाही," सर म्हणाले. "मी नीट विचारलं नाही."

ती आत गेली. मला वाटलं, आता येणार नाही. ती पत्र्याची पेटी उघडत होती. डिस्चार्जचा कागद घेऊन बाहेर आली, घड्या पडून मऊ झालेला. सरांसमोर धरला. सरांनी माझ्याकडून पेन घेतलं, 'प्रतिसाद नाही' यावर रेघ ओढली, शेजारी 'नीट विचारले नाही' असं लिहिलं आणि खाली सही केली.

"काय लिवलं?" तिनं मला विचारलं. मी वाचून दाखवलं.

तिनं कागदाची पुन्हा घडी घातली. मग तिनं तिघांसाठी चहा टाकला, आम्ही तो प्यालो, आणि कप खाली ठेवता ठेवता ती म्हणाली, "मीबी न्हाई विचारलं, डॉक्टर. मी रोज बोलायचे त्याच्याशी. पर मी नुसतं सांगतच राह्यले."

सरांना उठायला वेळ लागला. मी तिघांचे कप उचलले आणि रांजणापाशी जाऊन विसळायला घेतले.